तापीच्या तोंडचा वारा: विंडसर्फ सराव-शर्यतीच्या प्रकल्प नोंदी

४ मे, शहादा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आटोपली. झाडांचे झोके उतरले, माहेरवाशिणी परत गेल्या आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरायला लागला. आजपासून सगळं वहीत लिहायचं ठरलंय.

काम एका वाक्यात असं: तापीवरच्या सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन बॅरेजच्या मधल्या पाण्यावर, पावसाळ्यात दरवाजे उघडण्याआधी, सहा विंडसर्फ बोर्डांची (शीड लावलेल्या, उभं राहून चालवायच्या फळ्यांची) एक सराव-शर्यत नियमांनुसार घ्यायची. बोर्ड गोव्याहून जुने आणलेले आहेत. सगळे लांब, डॅगरबोर्डवाले (मधून पाण्यात उतरणारं पातं असलेले), चुका सोसणारे. शिडं साडेचार ते साडेसात चौरस मीटरपर्यंतची. उतरणारे सहा जण: गोव्यात शिकून आलेले दोघे, नंदुरबारची दोन भावंडं, दोंडाईच्याचा एक पट्टीचा पोहणारा आणि आमच्या शहाद्याची ताई. माझ्याकडे मार्ग आखणं, वारा मोजणं आणि सुरक्षा.

समुद्र नसलेल्या भागात हे कशाला, असं घरोघरी विचारतात. त्यावर मी हांगचौच्या आशियाई स्पर्धेचं सांगतो. २०२३ मध्ये तिथे नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्य आणलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. त्याच स्पर्धेत विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात एबाद अलीने कांस्य मिळवलं. समुद्र लागतोच असं नाही. वारा लागतो, पाणी लागतं आणि काठावर उभं राहून लक्ष देणारी माणसं लागतात. आपल्याकडे तापी आहे, आणि वारा तर मे महिन्यात नको म्हटलं तरी येतोच.

७ मे

भोई काकांच्या होडीतून पूर्ण पट्टा पाहिला. काका चाळीसेक वर्षं या पाण्यात जाळी टाकतायत. सुरुवातीला ते फारसे बोलले नाहीत. मग मी दोरीला दगड बांधून खोली मोजायला लागलो तसे स्वतःच सांगायला लागले: इथे डोह, इथे जुन्या वाटेचा दगडी उतार, इथे गाळ.

रुंदी पाचशे मीटरच्या आत. दक्षिणेकडची दरड उंच आहे, तापीच्या गाळाच्या मातीत घळी पडून कापलेली. उत्तरेचा काठ सपाट, पलीकडे ऊस आणि केळी, त्याच्याही पलीकडे सातपुड्याची निळी रांग.

धोक्यांची यादी केली. काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप आणि केबल पाण्यात उतरलेले आहेत. त्यामुळे दोन्ही काठांपासून तीस मीटरच्या आत कुणी यायचं नाही. एका जागी विजेच्या तारा नदीवरून जातात. मास्ट, म्हणजे शिडाची उभी काठी, साडेचार मीटरची, त्यातही कार्बनची, म्हणजे वीज वाहून नेणारी. त्या तारांखालून मास्ट उभी करून न्यायची नाही, काठावरसुद्धा. जाळ्यांचं काकांशी बोलणं झालं: शर्यतीच्या दिवशी दुपारी तीन ते सहा मधली वाट मोकळी, आणि त्यांचं जाळं आमच्या फिनने (बोर्डाच्या मागच्या टोकाखालच्या पात्याने) फाटलं तर भरपाई आमची. हे मी लिहून दिलं. त्यांनी कागद घेतला नाही, म्हणाले, तोंडी पुरे. तरी त्याची नक्कल वहीत चिकटवून ठेवली.

सगळ्यात मोठी गोष्ट बॅरेजची. इथे नदी पश्चिमेला वाहते आणि वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला चढत गेलं की आपण प्रकाशाच्या दरवाजांकडे सरकतो. वरचा बोया (वाऱ्याच्या तोंडाकडची तरंगती खूण) दरवाजांपासून किमान तीन किलोमीटर अलीकडे राहील आणि दरवाजे बंद असल्याचा निरोप त्याच दिवशी सकाळी जलसंपदा विभागाच्या माणसाकडून घेतल्याशिवाय एकही बोर्ड पाण्यात जाणार नाही. यात सूट नाही.

११ मे

वाऱ्याची मापं. हातातलं वातमापक होडीत उभं राहून, पाण्यापासून दोन मीटरवर धरलं.

सकाळी सात: जवळपास शून्य. साडेअकरा: ७ नॉट, दिशा ठरत नाही. दीड: १२. साडेतीन: सरासरी १६, झोत २४. पाच: सरासरी १८, झोत २७. सूर्य कलल्यावर अर्ध्या तासात ९ वर आला. (एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, सरासरी दहा मिनिटांची, झोत तीन सेकंदांचा.)

हा वारा रोज या वेळेला का येतो ते मुलांना नीट सांगितलं, कारण कारण कळलं की भीती कमी होते आणि आदर वाढतो. उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन तापते, तिथे हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची हवा आत ओढली जाते. सह्याद्रीची भिंत उत्तरेला तापीपाशी संपते, सातपुडा तापीच्या उत्तरेला उभा आहे. या दोघांच्या मधली खिंड म्हणजे आपलं खोरं. हवेला वाट सापडते ती इथून. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी केलेली नाही.

आता झोत का येतात? वर, काही शे मीटरवर, वारा जोरात आणि एकसारखा असतो; खाली जमीन, झाडं, दरडी त्याला अडवतात. दुपारी जमीन तापली की गरम हवा वर उसळते आणि तिच्या जागी वरची वेगवान हवा गठ्ठ्यागठ्ठ्याने खाली आपटते. तोच झोत. सकाळी ही उलथापालथ नसते म्हणून पाणी शांत. संध्याकाळी जमीन निवली की ती थांबते. दुपारच्या वाऱ्याला झोत असणारच. एकसारख्या वाऱ्याची वाट बघत बसलो तर मे महिना निघून जाईल.

झोत वरून येतो म्हणून वरची दिशाही घेऊन येतो. आपल्या गोलार्धात वरचा वारा खालच्यापेक्षा थोडा उजवीकडे वळलेला असतो. म्हणजे पश्चिमेचा वारा झोतात किंचित वायव्येकडे सरकतो. उजवा हात मास्टच्या बाजूला असलेल्याला, म्हणजे उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या स्टारबोर्ड टॅकवाल्याला, तो वर उचलतो, बोयाकडे जास्त सरळ जाऊ देतो. डाव्या टॅकवाल्याला खाली ढकलतो. नदीच्या मध्यावर हे बऱ्यापैकी जमून आलं. दक्षिण दरडीजवळ अजिबात नाही, तिथे वारा दरडीच्या मर्जीने फिरतो. दहा मीटर उंचीच्या दरडीची सावली वाऱ्याच्या खालच्या अंगाला शंभर मीटर आणि त्याहून पुढेसुद्धा जाणवते. दक्षिणेकडचा जवळपास एक तृतीयांश भाग शर्यतीतून वगळला. पूर्ण मार्ग उत्तरेला सरकवला.

१२ मे

आजची नोंद मला सगळ्यात जास्त आवडलेली.

काकांनी काल जाता जाता सांगितलं होतं: "भाऊ, वारा सुटना का तापीमाय वर उलटी वाहस, खाले सुलटी." मी बाटल्यांचा प्रयोग केला. एक बाटली पाण्याने जवळजवळ भरून, फक्त मान वर राहील अशी सोडली. दुसरीत वाळू भरली, तिला दोन मीटर दोरी बांधून वर एक लहान बूच लावलं. दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी.

पहिली बाटली पूर्वेला, नदीच्या उगमाकडे निघाली. दुसरी जवळजवळ जागच्या जागी रेंगाळली आणि मग संथपणे पश्चिमेला सरकली.

दरवाजे बंद असले की बॅकवॉटर म्हणजे लांबट तळंच. वारा वरचा थर स्वतःच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने ढकलतो. १० मीटर प्रति सेकंद वाऱ्याला ते ०.३ मीटर होतात, एका मिनिटात अठरा मीटर. ते पाणी पूर्वेला साचून राहू शकत नाही, म्हणून खालून परत फिरतं. काकांनी हे जाळ्याच्या ओढीवरून ओळखलेलं होतं. शर्यतीसाठी याचा अर्थ असा की बोया किती खोल बुडलेला आहे यावर तो कुठे सरकेल ते ठरतं, आणि बोर्ड, जो वरच्या थरातच असतो, तो थांबल्यावर रेषेपासून मागे जातो.

वरून, सारंगखेड्याहून पाणी सोडलं की मात्र चित्र पालटेल. तेव्हा पूर्ण प्रवाह पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडात.

जगात हे सगळ्यात प्रसिद्ध आहे ते कोलंबिया नदीवर, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये हूड रिव्हर गावापाशी. तीही नदी पश्चिमेला वाहते, वारा पश्चिमेकडून येतो, कास्केड पर्वतरांगेतल्या खिंडीतून समुद्राची गार हवा आतल्या तापलेल्या प्रदेशाकडे धावते. गावासमोरचं पाणीसुद्धा बॉनेव्हिल धरणाचं बॅकवॉटर आहे. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि प्रवाह तुम्हाला वाऱ्यावर चढायला फुकटची मदत करतो. म्हणून तिथे लोक देशोदेशींहून येतात. नकाशा पाहून नंदुरबारच्या धाकट्याने विचारलं, दादा, मग आपल्याकडे का कुणी येत नाही? मी म्हटलं, आधी आपण तर जाऊ.

१७ मे

शिडं बांधण्याचा दिवस. पाणी फक्त शेवटचा तास.

झोतात हात सुटतात ते ताकद कमी पडते म्हणून, असा सगळ्यांचा समज. खरं कारण बहुतेक वेळा डाऊनहॉलमध्ये असतं. शिडाच्या खालच्या टोकाची ही दोरी जोरात ताणली की मास्ट वाकते आणि शिडाची मागची कड वरच्या भागात सैल पडते. झोत आला की ती सैल कड उघडते आणि जादा वारा वरून सांडतो. दोरी कमी ताणलेली असेल तर शिडाचा पोट-फुगवटा झोतात मागे सरकतो, सगळा जोर मागच्या हातावर येतो आणि माणूस मास्टसकट पुढे फेकला जातो. काठावर शीड आडवं ठेवून बघितलं की वरची कड ढिली, लोंबती दिसते. नवख्याला ते बिघडल्यासारखं वाटतं. जोराच्या वाऱ्यात तेच बरोबर. आऊटहॉल (शिडाच्या मागच्या टोकाची दोरी) ताणून खालचा भाग सपाट करायचा, हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) दोऱ्या बोटभर मागे घ्यायच्या, फिन लहान लावायची.

शिडाचा आकार कशावर ठरवायचा यावर जोरदार वाद झाला. गोव्याहून आलेल्यांचं म्हणणं, सरासरीवर. नाहीतर वारा पडला की उभं राहावं लागतं. माझं म्हणणं, इथे झोतावर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचे २५ झाले की दाब पावणेतीन पटींहून जास्त होतो. समुद्रावर तो चढायला वेळ घेतो, इथे दरडीच्या कोपऱ्यावरून तीन सेकंदांत येतो. पडलेल्या वाऱ्यात हळू जाणारा शर्यतीत असतो. झोतात पडलेला पाण्यात असतो, आणि शीड पाण्यातून उचलायला जो वेळ जातो त्यात दोन जण पुढे निघून जातात.

एक गोष्ट मात्र त्यांची मान्य केली. ४२ अंशांची हवा पातळ असते, १५ अंशांच्या हवेपेक्षा तिची घनता सुमारे नऊ टक्के कमी. तितकाच ढकलही कमी. त्यामुळे पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा अर्धा मीटर मोठं शीड इथे चालू शकतं. वजनाप्रमाणे ठरवलं: हलक्यांना साडेचार ते पाच, जड अंगाच्यांना साडेपाच ते सहा. ताईने साडेचारच धरलं.

२० मे

ऊन लागण्याची भीती खरी आहे. ४३ अंश. दुपारी अडीचच्या आधी कुणीही पाण्यावर नाही. मीठ-साखर-लिंबू पाणी होडीत, काठावर ताक. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. पोटभर खाऊन लगेच हार्नेस बांधू नका एवढंच सांगावं लागलं. फिनला शेवाळ आणि जलपर्णीचे धागे अडकतात, म्हणून मागे झुकलेल्या दोन फिन बनवून घ्यायला दोंडाईच्याच्या लेथवाल्याकडे दिल्या.

२३ मे

सुरुवातीच्या रेषेचा सराव. वरून पाणी सुटलेलं होतं. बाटल्या टाकल्या तर या वेळी दोन्ही पश्चिमेला निघाल्या.

सुरुवात वाऱ्याच्या तोंडाला होते. रेषा वाऱ्याला काटकोनात, एका टोकाला काकांची होडी, दुसऱ्या टोकाला बोया. पाच मिनिटं आधी इशारा, चार मिनिटं आधी तयारीचा झेंडा, एक मिनिट आधी तो खाली, मग सुरुवात. सगळे रेषेच्या मागे, शीड फडफडत ठेवून उभे राहतात. आज उभं राहणं म्हणजेच पुढे वाहत जाणं होतं. शेवटच्या मिनिटात सहापैकी चार जण काहीही न करता रेषेच्या पुढे गेले होते. परत वळून यायचं तर वाऱ्याबरोबर उतरायचं, तेही झोतात.

दुसऱ्यांदा तसंच. मग नंदुरबारच्या मोठ्याने तोडगा काढला. रेषेच्या बरंच मागे, होडीच्या पाठीमागच्या अंगाला थांबायचं, काठावर एक बाभूळ आणि पलीकडच्या पंपघराचा कोपरा एका ओळीत आले की रेषेपासून आपण किती लांब ते कळतं, आणि वीस सेकंद राहिले की शीड भरून निघायचं. चालू बोर्डाला प्रवाहाचं भय नाही, थांबलेल्याला आहे. वरून पाणी सुटलेलं नसेल त्या दिवशी उलट: रेषेला चिकटून थांबायचं, कारण वरचा थर मागे नेतो.

म्हणून शर्यतीआधी बाटल्या टाकणं हे अधिकृत काम झालं. निकाल होडीवरच्या फळ्यावर लिहायचा: पाणी पुढे, पाणी मागे, पाणी थांबलेलं. सगळ्यांना समान माहिती मिळाली पाहिजे. काठावर राहणाऱ्याला नदी ठाऊक आणि बाहेरच्याला नाही, असं नको.

उतरण्याचा मार्गही आज बदलला. जोराच्या वाऱ्यात थेट वाऱ्याबरोबर उतरणं हे लांब बोर्डावर सगळ्यात डळमळीत. एका झोतात तिघे पडले. आता उतरताना दोन बोये आडव्या अंतरावर ठेवलेत, तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं.

२७ मे

काल संध्याकाळी वादळ झालं. आम्ही पाण्यावर नव्हतो; चार वाजता सातपुड्यावरचा ढग वरून पसरट व्हायला लागला तेव्हाच बोर्ड बाहेर काढले होते. पावणेसहाला पश्चिमेचा वारा एकाएकी पडला, दोन मिनिटं काहीच नाही, मग ईशान्येकडून धुळीचा लोट. वातमापकावर ४१ नॉट पाहिले आणि मी ते खिशात घालून शेडमध्ये गेलो.

आज सकाळी उत्तर काठावर गेलो. घडांनी लदलेली केळी आडवी पडली आहेत. ज्यांनी बागेभोवती शेवरी लावली होती त्यांचं नुकसान पश्चिम बाजूला कमी, पण वादळाचा वारा पश्चिमेचा नव्हता. एक आजोबा पडलेल्या झाडांमध्ये घड कापून बाजूला ठेवत होते. आम्ही सहाही जण आणि मी दुपारपर्यंत तिथेच कापणी आणि वाहतूक केली. आज बोर्ड काढले नाहीत.

जाताना आजोबांनी वारा मोजायचं यंत्र बघायला मागितलं. कसं वाचायचं ते दाखवलं. त्यांनी विचारलं, हे आधी कळतं का? यंत्राला कळत नाही, आभाळाला कळतं, असं मी म्हटलं, आणि पश्चिमेचा वारा एकाएकी पडतो ती दोन मिनिटं कशी ओळखायची ते सांगितलं. ते त्यांना माहीत होतंच. त्यांनी आणखी एक सांगितलं: त्या आधी बगळे नदी सोडून उसात उतरतात. हे पुढे तपासायचं आहे. वहीत वेगळं पान केलं.

३० मे

नियमांची बैठक, शाळेच्या व्हरांड्यात.

स्टारबोर्ड टॅकवाल्याला वाट द्यायची. एकाच टॅकवर असतील तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने खालच्याला वाट द्यायची. शीड हलवून वारा भरणं विंडसर्फिंगमध्ये चालतं, होड्यांसारखी त्याला बंदी नाही. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. कमी गुण तो पुढे.

वाऱ्याच्या मर्यादा आमच्या स्वतःच्या. सरासरी २२ नॉटच्या वर गेली किंवा झोत ३० ला लागले की शर्यत नाही. वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापात २२ ते २७ नॉट म्हणजे सहावा अंक, पांढऱ्या फेसाच्या लाटा सगळीकडे. त्यात मोठ्या शर्यती होतात, पण तिथे वेगवान बचाव-होड्या असतात. आमच्याकडे काकांची आणि त्यांच्या पुतण्याची अशा दोन. वीज दिसून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे; सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्याला शिवायचं नाही. लाईफ जॅकेट आणि हेल्मेट बंधनकारक. मास्ट मोडली तर बोर्ड सोडायचा नाही, पोहत काठ गाठायचा प्रयत्न करायचा नाही. दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवायचे.

दोंडाईच्याच्या पोहणाऱ्याला हे शेवटचं पटेना. मला पोहता येतं, तो म्हणाला. ताई त्याला म्हणाली, भाऊ, तुला येतं, पण तू बोर्ड सोडलास तर होडीला तू दिसणार नाहीस. बोर्ड दिसतो, डोकं दिसत नाही. त्यानंतर तो गप्प बसला आणि सही केली.

५ जून, शर्यत

सकाळी निरोप: दरवाजे बंद. बाटल्या: पाणी मागे. काठावर अपेक्षेपेक्षा जास्त माणसं, बैलगाड्या, ट्रॅक्टर, प्रकाशाला दर्शन करून आलेली काही कुटुंबं.

तीन वाजता सरासरी १३, झोत १९. अर्धा तास थांबलो, झेंडा वर ठेवला. साडेतीनला १७, झोत २५. दिशा पश्चिम, झोतात दहा अंश उजवीकडे.

पहिली शर्यत. सुरुवात स्वच्छ, सहाही रेषेच्या मागे. गोव्याहून आलेले दोघे मोठ्या शिडांनी पहिल्या दोनशे मीटरमध्ये स्पष्ट पुढे. मग पहिला मोठा झोत आला. होडीवरून तो येताना दिसला, काका उभे राहून ओरडले, "काळं पानी दिखी ऱ्हायनं!" पाण्यावरचा काळा पट्टा पंख्यासारखा पसरत येत होता. पुढच्या दोघांपैकी एक पंख्याच्या डाव्या कडेला सापडला, वारा त्याच्या तोंडावर आला आणि शीड उलटं भरून तो मागे पडला. ताई मध्ये होती. तिने झोत पोचण्याआधी गुडघे मोडले, हार्नेसमध्ये बसली, मागचा हात सैल सोडला, आणि स्टारबोर्ड टॅकवर वर उचलली गेली. तिचं साडेचारचं शीड वरून उघडलेलं मला होडीवरून दिसत होतं. वरच्या बोयाला ती दुसरी पोचली, उतरताना पहिल्या वळणावर पुढचा पडला, ती पहिली आली. नंदुरबारचा मोठा दुसरा.

दुसऱ्या शर्यतीला सुरुवातीला परत बोलवावं लागलं. दोघे रेषेच्या पुढे होते, दोघेही वळून आले. झोत २८ ला लागले. या शर्यतीत गोव्याचा एक जिंकला, आणि तो का जिंकला ते महत्त्वाचं आहे. त्याने दरम्यानच्या वेळात काठावर येऊन डाऊनहॉल आणखी चार बोटं ओढला होता. शीड तेच, सहाचं. वाद आकाराचा होता आणि उत्तर बरंचसं दोरीत निघालं. ताई दुसरी. धाकटा दोनदा पडला, दोन्ही वेळा उठला, शेवटचा आला आणि काठावर सगळ्यात जास्त टाळ्या त्याला मिळाल्या.

तिसरी सुरू होऊन चार मिनिटं झाली तेव्हा तोरणमाळच्या दिशेला ढगाचा माथा पसरू लागला. वीज दिसली, मोजलं: पंचेचाळीस सेकंद. मर्यादेच्या बाहेर, पण वाट बघायची नाही असं मी ठरवलं. शर्यत रद्दचा झेंडा, तीन आवाज, सगळे बाहेर. कुणी कुरकुर केली नाही. वादळ उत्तरेलाच राहिलं, आमच्याकडे थेंबही आला नाही. तरी पुढच्या वेळी हाच निर्णय घेईन.

गुण: ताई ३. दुसऱ्या जागेवर कोण यावर काठावर मोठी चर्चा, शेवटी वहीतून वाचून दाखवलं.

६ जून

दुरुस्तीची यादी. एका मास्टच्या सांध्याचं रबर चिरलंय, हे वापरात तुटलं असतं तर बोर्ड एकीकडे आणि शीड दुसरीकडे. सगळे सांधे बदलायचे. दोन हार्नेस-दोऱ्या झिजल्या. वरचा बोया शर्यतीत वीसेक मीटर पूर्वेला सरकला. बोयाखाली पाण्यात दोन मीटर खोल जाईल असं वजनदार कापड बांधायचं, म्हणजे खालचा उलटा थर त्याला धरून ठेवील. जाळं एकही फाटलं नाही.

काकांच्या पुतण्याला शिकायचं आहे. तो पंधरा वर्षांचा, होडीत जन्म गेलेला. काळं पाणी तो आमच्या आधी पाहतो. त्याच्यासाठी साडेतीनचं शीड शोधायचं.

१६ जून

वरच्या भागात पाऊस झाला, हतनूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याचा आणि नदीकाठच्या गावांनी सावध राहावं असा निरोप आला. प्रकाशाचे दरवाजे उघडतील. आजपासून पाण्यावर जाणं बंद.

बोर्ड धुऊन, वाळवून गोदामात उभे लावले. शिडं सैल गुंडाळली, कडेला कडुलिंबाचा पाला. मास्टचे दोन्ही भाग वेगळे करून आतली वाळू काढली. ती राहिली तर पुढच्या वर्षी सांधा सुटत नाही. बोये काकांच्या अंगणात. वातमापक पावसाळाभर आजोबांकडे राहणार आहे, ते रोज चार वाजता आकडा लिहिणार आहेत. बगळ्यांचं पानही त्यांच्याकडेच दिलं. पुतण्याचं शीड मिळालं, पावसाळ्यात त्याला गोदामाच्या ओट्यावर, कोरड्यातच, बूम (शिडाची आडवी दांडी) धरायला आणि डाऊनहॉल ओढायला शिकवायचं.